ड्रम कोर : सगळ्यात भारी ब्रास कुणाची आणि सगळ्यात मोठा आवाज कुणाचा?

ओहायोकर

२०२५ ची डीसीआयची (ड्रम कोर इंटरनॅशनल, ड्रम कोरची अमेरिकेतली स्पर्धा) अंतिम फेरी इंडियानापोलिसला जाऊन पाहिली. बॉस्टन क्रुसेडर्स जिंकले. १९४० सालची संस्था, स्पर्धा १९७२ पासून चालू, आणि पहिलं अजिंक्यपद २०२५ मध्ये! पण परत येताना गाडीत जुंपली ती त्यावरून नाही. आजवरची सगळ्यात भारी ब्रास (पितळी वाद्यांचा ताफा) कुणाची आणि सगळ्यात दणदणीत आवाज कुणाचा, यावरून. चार जण, पाच मतं. घरी पोचलो तरी मिटेना, म्हणून इथे धागा काढतोय.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अमेरिकेतल्या मार्चिंग बँडचं हे भावंड, पण क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, बासरी वगैरे काही नाही. पितळी वाद्यं, तालवाद्यं आणि झेंडे-रायफली फिरवणारं कलर गार्ड, बस. अशा एका संघाला कोर म्हणतात. मुलं जास्तीत जास्त एकवीस-बावीस वर्षांची. उन्हाळाभर बसने देशभर फिरायचं, शाळांच्या जिममध्ये जमिनीवर झोपायचं, दिवसभर उन्हात तालीम आणि रात्री फुटबॉलच्या मैदानावर दहा-बारा मिनिटांचा खेळ. पळता पळता वाजवायचं, तेही पाठ.

माझं मत आधीच देऊन टाकतो (कोरचं नाव आणि मोसमाचं साल), म्हणजे दगड मारायला सोपं. आवाज: मॅडिसन स्काउट्स, १९९५. भारी: स्टार ऑफ इंडियाना, १९९३. या दोन याद्यांची सरमिसळ करू नये असं माझं म्हणणं आहे. करा सुरू.

जुनं_खोड

१९९५? तोवर आमचे कान कामातून गेले होते हो.

स्पिरिट ऑफ अटलांटा, १९७९ आणि १९८०. विषय संपला. जिम ऑट नावाचा माणूस त्यांची ब्रास बघायचा, आधी स्टॉकटन कमोडोर्सला होता. ‘जॉर्जिया ऑन माय माइंड’ वाजवताना ही पोरं पुढच्या रेषेकडे वळायची आणि भोंगे वर उचलायची, तेव्हा माझ्या शेजारचे गृहस्थ अक्षरशः मागे टेकले होते. जी पट्टीतले ब्यूगल, दोनच व्हॉल्व्ह (सूर बदलायच्या कळा). तिसरा व्हॉल्व्ह १९९० मध्ये आला. म्हणजे निम्मे सूर ओठांनी शोधायचे, आणि तरी ती भिंत उभी राहायची.

१९८० च्या दौऱ्यातच ऑट मोटार अपघातात गेला. आज डीसीआयमध्ये सर्वोत्तम ब्रासला जो पुरस्कार देतात तो त्याच्याच नावाचा. तुमच्या यादीतले सगळे त्याच्याच नावाचं बक्षीस मिळावं म्हणून धडपडत आले.

तिरकीट

पुण्यातून विचारतोय, राग नसावा. साठ-सत्तर पोरं फुंकणार, त्यात एवढं काय? आमच्या पथकात लक्ष्मी रोडवर शंभर ढोल आणि तीस ताशे असतात. दोन्हीकडे इमारती. ते काय कमी?

ओहायोकर

तिरकीट, कमी नाहीच. पण ढोलाचा आवाज ठोका पडला की उतरणीला लागतो. इथे सत्तर जण एकच स्वरमेळ आठ-आठ मात्रा धरून ठेवतात, आणि तो वाढवत नेतात. छातीवर बसणारा दाब वेगळा.

तिरकीट

बरं. पण आमच्याकडे पोलीस डेसिबल मीटर घेऊन येतात, तुमच्याकडे तिकीट काढून लोक येतात. :)

निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे म्हणे. ताशाचा पहिला तुकडा वाजला की संपली.

ध्वनीवेडा

डेसिबलचा विषय निघालाच आहे तर थोडं गणित.

पूर्वी कोरमध्ये एकूण १२८ जणांची मर्यादा होती, पुढे ती १५० झाली आणि नंतर त्याहूनही वाढली. लोकांना वाटतं की हॉर्न वाढले म्हणजे आवाज त्या प्रमाणात वाढला. तसं होत नाही. ६४ हॉर्नचे ८० केले तर वाढ जेमतेम १ डेसिबल. दुप्पट केले तर ३. कानाला ‘दुप्पट मोठं’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे हॉर्न दहापट करावे लागतील. संख्येने आवाज जिंकता येत नाही.

अंतराने मात्र खूप फरक पडतो. मैदानाची रुंदी सुमारे ४९ मीटर. तुम्ही पुढच्या रेषेपासून १५ मीटरवर बसला असाल, तर मागच्या रेषेवरचा ट्रम्पेट पुढच्या रेषेवरच्या ट्रम्पेटपेक्षा १२-१३ डेसिबलने हळू ऐकू येईल. वर ६० मीटरवर बसलात तर तोच फरक पाचेक डेसिबलचा. म्हणून ‘मी ऐकलेला सगळ्यात मोठा आवाज’ या वाक्यात निम्मा वाटा खुर्चीचा असतो. जुनं_खोड काका, तुम्ही कितव्या रांगेत होता?

आणि पितळी वाद्यांची एक खास खोड: जोरात फुंकलं की आवाज नुसता वाढत नाही, बदलतो. नळीतली दाबाची लाट पुढे जाता जाता उभी चढत जाते आणि वरचे उपस्वर एकदम उसळतात. ट्रॉम्बोनच्या नळीत अशा आघात-लाटा तयार होतात हे १९९६ साली संशोधकांनी मोजून दाखवलं. सरळ नळीच्या ट्रम्पेट-ट्रॉम्बोनमध्ये हे लवकर होतं, शंकूसारख्या रुंदावत जाणाऱ्या युफोनियम-ट्युबात उशिरा. त्यामुळे ज्या कोरचं वजन वरच्या आवाजांवर ती ‘धारदार’ वाटते, आणि तेवढ्याच डेसिबलला जास्त मोठी वाटते. मॅडिसन हे त्याचं उदाहरण. फँटम रेजिमेंट बरोबर उलट.

जुनं_खोड

सातव्या-आठव्या रांगेत. तरी माझं मत तेच.

रॉकफर्डची_सून

अखेर कुणीतरी फँटमचं नाव घेतलं! लग्न होऊन फँटमच्या गावी, रॉकफर्ड, इलिनॉयला आले आणि सासरच्यांनी पहिल्याच उन्हाळ्यात मैदानावर नेऊन बसवलं. तेव्हापासून माझी जात ठरली.

फँटमचा आवाज खालून येतो. ट्युबा, युफोनियम, बॅरिटोन यांचा पाया एवढा जाड की वरचा ट्रम्पेट त्याच्यावर ठेवल्यासारखा वाटतो. वाग्नरच्या लोहेनग्रिन या ऑपेरामधली एल्साची मिरवणूक ते कार्यक्रमाआधी गोल उभं राहून वाजवतात. सुरुवात जवळजवळ कुजबुजीसारखी, आणि शेवटाला येईस्तोवर आजूबाजूला कुणी बोलत नसतं.

आणि २००८! स्पार्टाकस हा कार्यक्रम, आणि अजिंक्यपद. ब्लू डेव्हिल्सपेक्षा ०.०२५ गुणांनी जास्त: ९८.१२५ विरुद्ध ९८.१००. त्या वर्षी इंडियानापोलिसचं नवं स्टेडियम तयार नव्हतं म्हणून अंतिम फेरी ब्लूमिंग्टनच्या उघड्या मैदानावर झाली. उघड्यावर ती ब्रास ऐकणं आणि छपराखाली ऐकणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

कॉनकॉर्डकर

मी येण्याची वाट बघत होता ना सगळे? आलो.

स्पार्टाकसचे ०.०२५ लक्षात ठेवता, आमच्या ब्लू डेव्हिल्सची अजिंक्यपदं कुणी मोजत नाही. विसाच्या वर आहेत. १९७६ पासून. २०१४ ला ९९.६५, हा डीसीआयमधला सर्वोच्च गुण. वेन डाउनी यांनी दशकानुदशकं जॅझ कसा फुंकायचा हे शिकवलं. ‘भारी’ची व्याख्या जर ‘वर्षामागून वर्ष न चुकता’ अशी असेल तर स्पर्धाच नाही.

ओहायोकर

कॉनकॉर्डकर, भारत-ऑस्ट्रेलिया सामन्यात ऑस्ट्रेलियाला टाळ्या वाजवणारा माणूस पहिल्यांदाच भेटला. :)

गंभीरपणे: ब्लू डेव्हिल्सची ब्रास कधीच वाईट नसते, हे शंभर टक्के मान्य. पण मला त्यांचा एखादा क्षण आठवायला सांगितला तर दृश्य आठवतं, ड्रिल (मैदानावरच्या चाली) आठवतं. ब्रासचा असा एक आवाज आठवत नाही ज्याने मला खुर्चीला खिळवलं. स्टारचा आठवतो.

स्टार ऑफ इंडियाना नऊच मोसम खेळली, १९८५ ते १९९३. बिल कुक या उद्योगपतीने ब्लूमिंग्टनला उभी केली. १९९१ ला रेस्पिगीच्या रोमवरच्या रचना वाजवून जिंकली, तेव्हा सगळे खूश. १९९३ ला त्यांनी बार्बरचं ‘मेडिया’ आणि बार्टोक घेतलं. कडक, टोकदार, सुरावट पटकन हाताला न लागणारं संगीत. प्रेक्षकांतल्या बऱ्याच जणांना ते पचलं नाही. कॅडेट्स या कोरला ९७.४, स्टारला ९७.३. दहाव्या भागाने गेलं आणि त्यानंतर स्टारने स्पर्धाच सोडली. त्याच लोकांनी पुढे रंगमंचावर ‘ब्लास्ट’ केलं, ब्रॉडवेपर्यंत गेलं, २००१ मध्ये टोनी हा नाट्यपुरस्कार मिळाला.

त्या ब्रासचं वैशिष्ट्य आवाज नव्हे, हळू वाजवणं. पळताना, पाय थाडथाड पडत असताना, सत्तरेक जण अगदी बारीक आवाजात एकदम सुरू होतात आणि एकदम थांबतात. कुणाची सुरुवात अर्धवट फुटत नाही. श्वासाला हिसका नाही. ज्याने एकदाही ट्रम्पेट तोंडाला लावलाय त्याला विचारा, जोरात वाजवणं सोपं की हळू.

क्राउनचा_पंखा

ओहायोकर, हळू वाजवणं पाहिजे तर २०१३ ची कॅरोलायना क्राउन बघा, आणि जोरात पाहिजे तरी तीच बघा. कार्यक्रमाचं नाव ई इज इक्वल टू एमसी स्क्वेअर. फिलिप ग्लासचं ‘आइन्स्टाइन ऑन द बीच’ घेऊन त्यातले ते भन्नाट वेगाचे तुकडे सगळी ट्रम्पेट मंडळी पळता पळता वाजवतात. एकेक जीभ अशी पडते की एकच माणूस वाजवतोय असं वाटावं. त्याच वर्षी त्यांचं पहिलं अजिंक्यपद.

क्राउनच्या मॅट हार्लॉफ आणि मायकेल क्लेश यांनी ब्रासमध्ये जे सुरू केलं त्यानंतर सगळ्या कोरना आपली ब्रास तपासून घ्यावी लागली. जुन्यांचा आदर आहे, पण १९८० ची स्पिरिट आजच्या मैदानावर आली तर सुरांच्या जुळणीवरच मार खाईल.

जुनं_खोड

बाळा, १९८० ला चूक झाली की गुण कापायचे. परीक्षक मैदानात पोरांच्या मधून फिरायचा आणि प्रत्येक फुटलेल्या सुराला दशांश उडवायचा. ती पद्धत १९८४ मध्ये गेली. त्या धाकातही ही पोरं फुल्ल दमात वाजवायची. आज परीक्षक ‘रचनेची काठिण्यपातळी’ बघतात आणि तुम्ही स्पीकर लावून बसता.

ध्वनीवेडा

काकांच्या शेवटच्या वाक्यात दम आहे. २००४ पासून पुढच्या तालवाद्यांना माइक लावायला परवानगी मिळाली, २००९ पासून सिंथेसायझर आले. आज मोठ्या जागी ट्युबाच्या खाली सिंथचा एक खर्ज सरकवलेला असतो. प्रेक्षकाला वाटतं, वा, काय ट्युबा आहेत! त्यातले किती ट्युबा आणि किती स्पीकर, हे वरच्या मजल्यावर बसून सांगता येत नाही. म्हणून २००९ नंतरच्या कुणालाही मी ‘सगळ्यात मोठा आवाज’ या यादीत घेणार नाही. ‘भारी’च्या यादीत घ्या खुशाल.

२००० पासून जी पट्टीची सक्तीही गेली. बी-फ्लॅट ट्रम्पेट आले, जुळणी सुधारली, पण जी ब्यूगलचा तो ओरखडा गेला. फायदा की तोटा हे ज्याने त्याने ठरवावं. मला तोटा वाटतो.

ओहायोकर

सिंथचा सगळाच वापर फसवणूक नव्हे हां. आमच्या कँटनच्या ब्लूकोट्सनी २०१४ ला ‘टिल्ट’मध्ये अख्खी ब्रास आणि सिंथ मिळून एक धरलेला स्वर खाली वाकवला होता, सतारीवर मींड घ्यावी तसा. स्टेडियम वेडं झालं. तिथे सिंथ लपवलेला नव्हता, वाद्य म्हणूनच वापरलेला होता.

मेलोफोनची_आई

सगळं वाचलं. तुम्ही सगळे प्रेक्षक आहात, मी धुणं धुणारी. :) लेकीने तीन उन्हाळे मेलोफोन (एक पितळी वाद्य) वाजवला, आणि मी सुट्टी काढून स्वयंपाकाच्या ट्रकवर मदतीला जायचे. कोरचं नाव सांगत नाही, कारण पुढे तक्रारही करायची आहे.

आवाज कुठून येतो ते पार्किंगमध्ये कळतं. कार्यक्रमाआधी दोन तास ब्रास अर्धवर्तुळात उभी राहते. पहिली दहा मिनिटं वाद्य खालीच. नुसता श्वास: आठ मात्रा आत, आठ मात्रा बाहेर, मग सहा, मग चार, मग एकाच मात्रेत पूर्ण छाती भरायची. मग स्वर गाऊन घेतात, तोंडाने. गाताना जुळला नाही तर वाजवताना जुळणार नाही, हे शिक्षकाचं ठरलेलं वाक्य. मग लांब स्वर. शिक्षक वर्तुळाच्या आतून चालत जातो, एकेका भोंग्यासमोर थांबतो, हाताने ‘खाली’ अशी खूण करतो. मी ‘अजून जोरात’ अशी खूण फारशी पाहिलीच नाही. बहुतेक वेळा ‘कमी कर, शेजारच्याचा ऐक’.

आणि मग कधीतरी तो स्वरमेळ बरोबर बसतो. तेव्हा कुणीच वाजवत नसलेला एक स्वर वर ऐकू येतो. आम्ही ट्रकमधल्या बायका पोळ्या, सॉरी, टॉर्टिया शेकता शेकता थांबायचो.

दुसरं: मैदानात मागे उभं राहणाऱ्या मुलाचा आवाज पुढे उशिरा पोचतो. म्हणून पुढच्या मुलांनी समोर ऐकायचं नाही, मागून येणारा आवाज ऐकून त्याच्यावर वाजवायचं. लेकीला हे अंगवळणी पडायला पूर्ण मोसम गेला.

तक्रार कानांची. रोज आठ-दहा तास त्या वर्तुळात उभं राहायचं, आणि कानात बोळे घालायची सक्ती कुणी करत नव्हतं. मुलं म्हणायची, बोळे घातले की जुळणी ऐकू येत नाही.

ध्वनीवेडा

आई, ‘उशिरा पोचतो’ याचा आकडा देतो: ४९ मीटरला ०.१४ सेकंद. मिनिटाला १८० मात्रांची लय असेल तर एका मात्रेचा पाव भाग ०.०८ सेकंदाचा. म्हणजे मागचा ट्रम्पेट कंडक्टरकडे बघून अगदी अचूक वाजला, तरी पुढे तो पाव मात्रेहून जास्त मागे पडलेला ऐकू येतो. आणि एका क्षणी न पडलेला आवाज मोठा वाटत नाही, पसरट वाटतो. भारी ब्रास मोठी का वाटते याचं निम्मं उत्तर इथे आहे. उरलेलं निम्मं तुमच्या त्या ‘कुणीच न वाजवलेल्या’ स्वरात. सूर नेमके जुळले की उपस्वर एकमेकांवर बसतात.

कान_नाक_घसा

आईंच्या शेवटच्या मुद्द्यावर, पेशाने डॉक्टर म्हणून. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेतली शिफारस अशी: ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. ८८ ला ४ तास, ९१ ला २, आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. वर्तुळात ट्रम्पेटच्या पुढे उभ्या मुलाचा दिवसाचा कोटा नाश्त्याआधी संपतो.

जुळणी ऐकू येत नाही हे फोमच्या बोळ्यांबाबत खरं आहे, ते वरचे स्वर जास्त खातात. वादकांसाठी सगळे स्वर सारखेच कमी करणारे बोळे मिळतात. हेच पुण्यातल्या पथकांनाही लागू. तिरकीट, वाचतोय ना?

तिरकीट

वाचतोय डॉक्टर. आमच्याकडे कापूस घालतात. बरेचजण तोही घालत नाहीत. पथकाच्या ग्रुपवर टाकतो तुमचा प्रतिसाद.

मंद_सप्तक

वाचनमात्र होतो, पण राहवलं नाही. एवढ्या चर्चेत सांता क्लारा व्हॅनगार्ड १९८९ कुणालाच आठवली नाही? ‘फँटम ऑफ द ऑपेरा’, ९८.८. मेलोफोनचा तो ओलावा मला दुसरीकडे ऐकू आलेला नाही.

आणि ओहायोकर, तुमचं १९९५ चं मॅडिसन लोकांचं लाडकं होतं हे खरं, पण जिंकलं १९८८ चं, कॅन्सस सिटीला, कुणाच्या ध्यानीमनी नसताना. ‘मालागेन्या’चा शेवट. सोप्रानो (सगळ्यात उंच सुराचे ब्यूगल) वाजवणारी मंडळी एवढ्या वर जाऊन किंचाळतात की तो सूर आहे की शिट्टी कळत नाही. मॅडिसन निवडायचंच तर ते निवडा.

ओहायोकर

१९८८ ऐकलंय हो, ध्वनिमुद्रणावर. तीच अडचण आहे. ध्वनिमुद्रणात मोठे आवाज दाबलेले आणि बारीक आवाज उचललेले असतात, त्यावरून मोठ्याचं माप निघत नाही. १९९५ मी बफेलोला प्रत्यक्ष ऐकलं. शेवटी सगळे एका ओळीत पुढे आले आणि जागीच उभं राहून फुंकलं. चाली नाहीत, ड्रिल नाही. त्याला कुणी स्वस्त म्हणो, पायाखालचं अॅल्युमिनियम थरथरत होतं.

रॉकफर्डची_सून

जागीच उभं राहून काय, कुणीही वाजवेल.

ओहायोकर

स्पार्टाकसचा शेवट काय धावता धावता वाजवला होता का वहिनी?

कॉनकॉर्डकर

(पॉपकॉर्न)

कान_नाक_घसा

इथे एक निरीक्षण. ब्रासच्या गुणपत्रकात ‘आवाज किती मोठा’ असा रकाना कुठेच नाही. पोत, जुळणी, जीभ, श्वास, रचना. आणि अख्ख्या ब्रासचा वाटा शंभरातले दहा गुण, सर्वसाधारण परिणामाचे चाळीस. मग या वादात गुणांचे दाखले का देताय?

क्राउनचा_पंखा

कारण त्या चाळीसमधले निम्मे ब्रासच मिळवून देते, डॉक्टर. परीक्षकाच्या अंगावर काटा आला की पेन आपोआप वर जातं.

मेलोफोनची_आई

भांडण मिटणार नाही, पण एक सुचवते. बऱ्याच कोरच्या तालमी उन्हाळ्यात शाळेच्या मैदानावर असतात आणि बघायला तिकीट लागत नाही. जूनमध्ये कुणीतरी इंडियाना-ओहायोच्या बाजूला येतंच. एक वार ठरवा, पार्किंगमधल्या वर्तुळापासून दहा पावलांवर उभे राहा. छप्पर नाही, स्पीकर नाही, सिंथ नाही, खुर्चीचा वाद नाही. डॉक्टर, बोळे तुम्ही आणा. जेवण माझ्याकडे.

ध्वनीवेडा

मी मीटर आणतो.

जुनं_खोड

मी पण येतो. मात्र मीटरवर काहीही आकडा आला तरी स्पिरिट १९८०.